मार्जिन ठेवून बसवलेले दात

मला कुणी फसवू शकत नाही. माणूस दुकानाच्या पायरीवर उभा राहिला, की त्याची कंबर माझ्या नजरेनं मोजून होते. मग तो आत येऊन तोंडानं जो आकडा सांगतो, तो खऱ्यापेक्षा दोन इंचांनी कमी असतो, हे ठरलेलं. तीस वर्षं शिंपीकाम करतोय. तीस वर्षांत स्वतःच्या पोटाबद्दल खरं बोलणारा एकच इसम भेटला, आणि तोही दवाखान्यातून नुकतंच वजन करून आला होता म्हणून.

सांगायचा मुद्दा असा, की माप या विषयात मला शिकवू शकेल असा माणूस अजून जन्माला यायचाय. निदान माझी तशी समजूत होती. तुम्ही हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या, पुढे पुष्कळ गर्दी होणार आहे.

भानगड दातांपासून सुरू झाली. मला दोरा दातानं तोडायची सवय. कातर हातभर अंतरावर असते, दात त्याहून जवळ असतात. टाचण्याही मी दातातच धरतो. वर्षानुवर्षं असं केल्यानं वरच्या मधल्या दोन दातांत एक खाच पडली होती, इतकी नेमकी की दोरा आपोआप तिच्यात जाऊन बसायचा. मला तिचा अभिमान होता. पण पुढे खाच रुंदावली, आजूबाजूचे दात झिजून वापरलेल्या खडूसारखे आखूड झाले, आणि दोरा तुटायचा थांबला. नुसता ओला व्हायचा. मी तो चघळत बसलो की बायको काही न बोलता माझ्यापुढे कातर धरायची. ती काही न बोलता फार बोलते.

तरी मी दातांच्या वाटेला गेलो नसतो. पण आमच्या रस्त्याच्या टोकाला अग्निशमन केंद्र आहे, तिथले साहेब एके दिवशी दुकानात आले. चांगले उंचेपुरे, मिशा अशा की त्यांना वेगळी कॉलर शिवावी. त्यांनी आणि त्यांच्या आठ जवानांनी हिवाळ्यात एका पेटलेल्या गोदामातून चौदा माणसं बाहेर काढली होती. सगळ्या गावाला ते माहीत होतं. त्याबद्दल त्यांना पदकं मिळणार होती.

"मास्टर," साहेब म्हणाले, "समारंभाचे नऊ गणवेश शिवायचेत. तयार कपड्यांच्या दुकानातनं घेणार नाही. ही पोरं आयुष्यात एकदाच अशी उभी राहणार आहेत, नीट दिसली पाहिजेत."

"योग्य ठिकाणी आलात," मी म्हणालो.

"आणि समारंभात तुम्हालाही मंचावर बोलावणार. दोन शब्द बोला."

साहेब गेले. मी कापड मोजायचं सोडून ट्रायलच्या खोलीत गेलो. तिथे तीन बाजूंनी आरसे आहेत. मंचावर हसतो तसा हसून बघितलं. तिन्ही बाजूंनी एकच चित्र दिसलं: भाडेकरू सोडून गेल्यानंतरचं घर.

त्याच आठवड्यात बायको मला दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेली.

दाताच्या डॉक्टरांबद्दल माझं मत पहिल्यापासून वाईट आहे. ज्या धंद्यात गिऱ्हाइकाचं तोंड आधी आ करून ठेवतात आणि मग त्याला प्रश्न विचारतात, त्या धंद्याबद्दल काय बोलावं? बाहेरच्या खोलीत भिंतीवर हसऱ्या माणसांचे फोटो होते. एक माणूस सफरचंदाकडे बघून हसत होता. एक बाई टेलिफोनकडे बघून हसत होती. एवढी गंमत सफरचंदात काय असते, मला कळेना. इतक्यात आतून हाक आली. डॉक्टर म्हणजे माझ्या थोरल्या मुलीच्या वयाची मुलगी. तिच्या पांढऱ्या कोटाच्या बाह्या इंचभर लांब होत्या. जी बाई स्वतःच्या बाह्या नीट बेतून घेऊ शकत नाही ती माझे दात काय बेतणार, असं मी मनात म्हटलं आणि आ केला.

"काका, रात्री झोपेत दात खाता का?"

माझ्या तोंडात तिचा आरसा होता. उत्तर बायकोनं दिलं.

"दिवसाही खातात."

डॉक्टरनं आरसा काढला आणि समजावून सांगितलं. दात झिजलेत पण मुळं भक्कम आहेत. समोरच्या सहा दातांवर दाताच्याच रंगाचा लेप, थरावर थर देऊन, परत पूर्वीचा आकार आणता येईल. "पण आधी तात्पुरते बसवू. आठवडाभर बोलून बघा, खाऊन बघा. पटलं तर त्याच आकाराचे कायमचे करू."

म्हणजे ट्रायल. दातांच्या धंद्यातही ट्रायल असते हे ऐकून तिच्याबद्दलचं माझं मत टेपवरच्या एका बारीक रेघेएवढं सुधारलं.

"किती लांब करणार?" मी विचारलं.

"दीड मिलिमीटर."

"डॉक्टर, दीड मिलिमीटर हे माप झालं की टिंगल? एवढ्यासाठी कुणी खडूसुद्धा उचलत नाही. थोडं मार्जिन ठेवा. पुढेमागे आटले तर कमी पडायला नकोत."

"काका, दात आटत नाहीत."

"माझे आटलेत म्हणून तर इथे आलोय."

यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. निदान मला तसं वाटलं. उत्तर न सुचलेला माणूस आणि नाद सोडलेला माणूस चेहऱ्यावरून सारखेच दिसतात, हे मला तेव्हा उमगलं नाही.

"चार करा," मी म्हणालो.

"चार केले तर ओठ मिटणार नाहीत."

"ओठ माझे आहेत."

तिनं बायकोकडे बघितलं. बायकोनं छताकडे बघितलं. मग डॉक्टर शांतपणे म्हणाली, "बरं. नाहीतरी तात्पुरतेच आहेत. वापरून बघा, म्हणजे तुमचं तुम्हाला कळेल." आणि तिनं कागदावर लिहिलं: 'रुग्णाच्या आग्रहावरून'. खाली रेघ मारली. एक नाही, दोन.

मग माझ्या तोंडात गुलाबी लगदा भरून दातांचा ठसा घेतला, आणि पुढच्या सोमवारी साचा लावून, निळा दिवा दाखवून सहा दात बसवले. सहाही दात एकमेकांना जोडलेले, एकसंध पट्टीसारखे. मी आरशात बघितलं. पांढरे, भक्कम, सरळ. वरचा ओठ त्यांच्यावर कसाबसा टेकला होता, न बसणाऱ्या ड्रॉवरवर टेबलक्लॉथ टाकावा तसा.

"कसे दिसतात?" मी बायकोला विचारलं. खरं म्हणजे "कफ्शे दिफ्शतात" असं काहीतरी बाहेर आलं.

"खूप दिसतात," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आणि आठ जवान मापं द्यायला दुकानात आले. आमची पद्धत ठरलेली. मी टेप लावून आकडा सांगतो, बायको वहीत लिहिते. तीस वर्षांत त्यात चूक झालेली नाही.

आता तुम्ही एक करून बघा. 'ब' म्हणा. ओठाला ओठ लागला ना? माझा खालचा ओठ वर जायला निघायचा आणि वाटेत नव्या दातांवर आपटून थांबायचा. त्यामुळे 'ब'चा 'व' झाला होता, 'प'चा 'फ' झाला होता, 'म' नाकातून कसाबसा निसटत होता. 'स', 'छ' आणि जोरात म्हटलेला 'च' यांची तर शिट्टी झाली होती. 'क' आणि 'ट' तेवढे ठणठणीत राहिले होते. पण नुसत्या 'क' आणि 'ट'वर माणसाचं माप सांगता येत नाही.

पहिल्या जवानाची कंबर छत्तीस भरली.

"कंवर, श्शत्तीस," मी म्हणालो.

बायकोची पेन्सिल थांबली. "बत्तीस की छत्तीस?"

"श्शत्तीस."

"अहो, तेच विचारतेय. बत्तीस की छत्तीस?"

नऊ माणसं बघत होती. अशा वेळी शहाणा माणूस बोटं दाखवतो किंवा पेन्सिल घेऊन स्वतः लिहितो. मी आवाज चढवला. "एकदा सांगितलं ना!"

तिनं काहीतरी लिहिलं. पुढे साहेबांची छाती बेचाळीस. मी म्हणालो, "वेचाळीस." तिला वाटलं पहिलं अक्षर मी गिळलं. तिनं विचारलं, "चव्वेचाळीस ना?" मला तिचं बोलणं पूर्ण ऐकायचा धीर नव्हता. मी मान डोलावली.

"मी माप घेते, तुम्ही लिहा," ती हळूच म्हणाली.

"उद्या फंफ फण तूच चालव," मी म्हणालो. पंप म्हणायचं होतं मला. म्हणजे साहेबांच्या बंबाचा पंप. ते कुणालाच कळलं नाही. एका जवानानं सहानुभूतीनं विचारलं, "मास्टर, दात दुखतोय का?" गाढवाला गुळाची चव काय, असं मी तोंडातल्या तोंडात म्हणून घेतलं. म्हणायला 'ग' सोपा होता म्हणून.

ते गेल्यावर मी बेतायला बसलो. वहीत बऱ्याच आकड्यांपुढे बायकोनं एक वाकडी खूण केली होती. ते तिच्या अक्षराचं वळण असेल असं मी धरलं. तिसऱ्या पँटला बायको शेजारी येऊन उभी राहिली.

"हा तर मोठाच्या मोठा माणूस होता. याची कंबर बत्तीस?"

"आगीत धावणारी माणसं ती," मी माझ्या भाषेत सांगितलं. "त्यांना कंबर असतेच कुठे?"

"मग पँट कशावर राहते?"

मी कातर चालवली. पण चौथ्या पँटला माझाही हात अडखळला. त्या जवानाला टेप गुंडाळताना मी त्याच्याभोवती जवळजवळ प्रदक्षिणा घातली होती, ते आठवलं. म्हटलं, नकोच शंका. बायको बाजारात गेलेली बघून मी साहेबांना फोन लावला.

"साहेव, सगळ्यांची माफं फरत घ्यायचीत."

"काय?"

"माफं. माफं घ्यायचीत. फरत."

साहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले, "अहो मास्टर, कशाला माफी मागता? त्या दिवशी वहिनींवर ओरडलात म्हणून का? तुम्ही त्यांचीच मागा. घरात असं होतंच." आणि त्यांनी फोन ठेवला.

माझं डोकं फिरलं. ज्याला माप आणि माफीतला फरक कळत नाही, त्याच्यासाठी मी का जीव काढू? वहीत आहे तेच बरोबर, असं ठरवून मी नऊच्या नऊ गणवेश बेतले. कोटांना तर समारंभ म्हणून दोन इंच जास्तच सैल ठेवलं. सहा दिवसांत सगळे ट्रायलपुरत्या सैल, कच्च्या टाक्यांवर उभे केले.

सोमवारी सकाळी दोघं गणवेश घेऊन अग्निशमन केंद्रावर गेलो. तिथली मोठी खोली झकास आहे. एका बाजूला लाल बंब, भिंतीला रांगेत शिरस्त्राणं, खाली बूट, सगळं लखलखीत. नऊ जण पडद्यामागे गेले. बराच वेळ आतून नुसते उसासे ऐकू आले. मग एकेक जण बाहेर आला.

काय सांगू तुम्हाला. वर तंबू आणि खाली तंबोऱ्याची गवसणी. कोटात आणखी एक माणूस सहज मावला असता, आणि पँटमध्ये जो होता तोसुद्धा पुरता मावत नव्हता. नऊपैकी सहा जणांची ही अवस्था. साहेबांच्या पँटचा हूक आणि त्याची कडी यांच्यात चार इंचांचं वैर होतं. त्यांनी श्वास आत घेतला, मिशा वर गेल्या, हूक कसाबसा अडकला. आता श्वास सोडायचा कसा, हा प्रश्न होता.

"मास्टर," साहेब वरच्या पट्टीत म्हणाले, "हे काय आहे?"

मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात भोंगा वाजला.

चार गल्ल्या पलीकडच्या लाँड्रीतून फोन होता. कपडे वाळवायच्या यंत्रातून धूर येतोय. कपडे बदलायला वेळ नव्हता. "नुसता धूर आहे, असेच चला," साहेब म्हणाले. नऊ जणांनी बूट चढवले, शिरस्त्राणं घातली आणि बंबावर चढायला धावले. पहिल्याच पायरीवर पाय उचलताना एका जवानाच्या मागून 'टर्र' असा आवाज आला. तो थांबला नाही. ही माणसं शूर आहेत हे मला तेव्हा खरोखर पटलं.

बंब गेला. मागून मी धावत निघालो. कच्चा टाका म्हणजे काय, तो कसा सुटतो, हे त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. वाकलात की संपलात, हे त्यांना सांगणं माझं कर्तव्य होतं.

मी पोचलो तेव्हा लाँड्रीसमोर बघे जमले होते. लाँड्रीवाल्या बाई दारात उभ्या राहून सांगत होत्या, "अहो, मी यंत्र बंद केलंय. धूरही गेलाय. काही नाही आता." साहेब आत डोकावून बघत होते. एक जवान नळीचं तोंड धरून तयारीत उभा होता, आणि पुढचं पाऊल टाकायला तो गुडघ्यात वाकणार, तेवढ्यात मी ओरडलो:

"कच्चा टाका आहे! कच्चा टाका!"

'कच्चा'ची शिट्टी झाली. राहिलं ते 'टाका'. 'ट' आणि 'क' ही दोनच अक्षरं माझ्याकडे शाबूत होती आणि ती घंटेसारखी खणखणीत गेली. जवानानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या दिशेनं दोन्ही हात हलवत होतो आणि जीव तोडून म्हणत होतो, "टाका! टाका!"

त्यानं टाकलं.

त्या नळीतून पाणी कसं येतं ते तुम्ही पाहिलं नसेल तर पाहू नका. समोर बाईंनी आठवडाभराचे इस्त्री केलेले कपडे दांडीवर टांगून ठेवले होते. ते सगळे एका दणक्यात भिंतीला जाऊन चिकटले. बाई किंचाळल्या. साहेब मागे वळले आणि ओरडले, "बंद कर!" त्यासाठी त्यांनी श्वास सोडला. हूक सुटून कुठे गेला ते अजून सापडलेलं नाही. जवान नळी आवरायला वाकला, त्याच्या मदतीला आणखी तिघं वाकले, आणि मग टर्र, टर्र, टर्र अशी सलामीच झाली. नळी त्या गोंधळात फिरली आणि मी नेमका तिच्यासमोर आलो.

माझे सगळे टाके एका रांगेत उसवताना मी ऐकत होतो. राग आला की माझे दात आपोआप आवळले जातात. मी करकचून दात-ओठ खाल्ले, वरून पाण्याचा मार बसला, आणि कट्‌ असा आवाज झाला. सहा दातांची अख्खी पट्टी सुटून माझ्या तळहातावर पडली.

पाणी बंद झालं. सगळे माझ्याकडे बघत होते. आठवड्यात पहिल्यांदा माझे ओठ एकमेकांना लागले.

"कच्चा टाका आहे, असं म्हणत होतो," मी स्पष्ट शब्दांत म्हणालो. "वाकू नका, असं सांगायचं होतं."

बघ्यांपैकी कुणीतरी हसायला लागलं आणि ते लोण पार रस्त्याच्या टोकापर्यंत गेलं. साहेब दोन्ही हातांनी पँट धरून उभे होते. एकटे तेच हसले नाहीत. मला ओरडतील असं वाटलं होतं. पण ते हळू आवाजात म्हणाले, "मास्टर, शुक्रवारी समारंभाला या पोरांचे आईवडील येणार आहेत बघायला."

ते ऐकल्यावर मला माझ्या तोंडातला एकही शब्द सापडेना. आणि आता दातांचं निमित्तही नव्हतं.

"साहेब, माफ करा," मी म्हणालो. या वेळी त्यांना नेमकं ऐकू गेलं.

तेवढ्यात बायको गर्दीतून पुढे आली. तिच्या हातात मापाची वही होती. तिनं ती उघडून साहेबांना दाखवली. ज्या वाकड्या खुणांना मी तिच्या अक्षराचं वळण समजलो होतो, ती प्रश्नचिन्हं होती. प्रत्येक चुकलेल्या आकड्यापुढे एक. एकही निसटलेलं नव्हतं.

"टेप कुठंय?" तिनं मला विचारलं. मी गळ्यातून काढून दिला.

केंद्रावर परतल्यावर तासाभरात तिनं नऊ जणांची मापं घेतली. घ्यायची, लिहायची, पुढचा माणूस. कुणाला आवाज नाही, कुणाशी वाद नाही. पोट आत ओढणाऱ्या जवानाला ती नुसतं म्हणायची, "भाऊ, श्वास सोडा, घरचीच आहे मी." आणि तो खरंच सोडायचा. मला हे तीस वर्षांत जमलं नव्हतं. मी सगळ्यांना खोटारडे समजून दोन इंच वाढवत आलो.

सुदैवानं त्याच ताक्याचं कापड मिळालं. सहा पँटी नव्यानं बेतल्या, कोट आत घेतले. दरम्यान लाँड्रीवाल्या बाईंनी भिजलेले कपडे परत धुतले आणि इस्त्रीला मला बसवलं. एक अख्खी दुपार मी परक्या लोकांच्या सदऱ्यांना इस्त्री करत होतो. बाई शेजारी स्टूल घेऊन बसल्या होत्या. "कॉलर आधी," त्या दर दहा मिनिटांनी सांगायच्या. मी तीस वर्षं कॉलरी शिवतोय. पण कॉलर आधी घेतली.

बुधवारी दातांची पट्टी बॉबिनच्या डबीत घालून आम्ही डॉक्टरकडे गेलो. तिनं डबी उघडली, मग माझ्याकडे बघितलं.

"आठवडा होऊन वर दोन दिवस गेलेत. काही कळलं का, काका?"

"बरंच," मी म्हणालो.

"मग कायमचे किती लांब करू?"

"तुम्हाला योग्य वाटतील तेवढे."

बायको खुर्चीत सावरून बसली. "डॉक्टर, हे वाक्य तेवढं कागदावर लिहा. खाली तारीख घाला."

डॉक्टरनं दीड मिलिमीटर वाढवले. खाच भरली, रंग शेजारच्या दातांशी जुळवला, पांढराफेक नाही, जरासा पिवळट. प्रत्येक दात वेगळा घासून गुळगुळीत केला, मध्ये मध्ये मला "बत्तीस, छत्तीस" म्हणायला लावलं. बायकोनंच तिला तसं सुचवलं होतं. दोरा तोडायचा नाही, टाचण्या धरायच्या नाहीत, आणि झोपताना दातांवर एक पारदर्शक पट्टी घालायची, असं तिनं तीनदा बजावलं. जाताना मी धीर करून म्हणालो, "डॉक्टर, तुमच्या कोटाच्या बाह्या इंचभर लांब आहेत. दुकानात आणून द्या."

"त्या मुद्दाम तशा ठेवल्यात," ती म्हणाली. "हातमोजे मनगटावर चढवायला बरं पडतं."

शुक्रवारी समारंभ झाला. नऊ जण रांगेत उभे राहिले आणि खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. एकेका खांद्यावर कोट असा बसला होता, जसा काही तो त्या माणसाबरोबरच वाढला असावा. पदकं लावताना एकही सुरकुती पडली नाही. एका जवानाची आई पुढे येऊन त्याच्या बाहीवरून हात फिरवत राहिली, पदकाला हात लावायचं विसरलीच.

मग साहेबांनी दोन शब्द बोलायला मंचावर बोलावलं. वहिनींना. मी तिसऱ्या रांगेत नव्या दातांसह बसलो होतो. ती वर गेली, ध्वनिक्षेपकासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "पोरांनो, जपा." खरोखर दोनच शब्द. टाळ्या थांबेनात. मी चार पानांचं भाषण लिहून ठेवलं होतं. ते खिशात राहिलं.

तेव्हापासून दुकानाची व्यवस्था थोडी बदलली आहे. म्हणजे कुणी ठरवून बदललेली नाही, आपोआप झालं. पुढच्या खोलीत ती मापं घेते, मी मागच्या खोलीत बसून काजं करतो. परवा बाहेर कुणीतरी आल्याचा आवाज आला. मी दोरा कातरीनं कापला आणि कान दिला.

"इथे पूर्वी एक मास्टर असायचे ना?" गिऱ्हाइकानं विचारलं.

"आहेत ना. आत आहेत," बायको म्हणाली. "बोलावू का?"

"नको, नको. बसू द्या त्यांना. तुम्हीच घ्या."

मी हातातल्या काजाकडे बघितलं. काज मात्र सुरेख झालं होतं.